डोळ्यात लेन्स, हातात विमान!

चष्मा लागला म्हणजे पायलट व्हायचं स्वप्न खलास? छे हो! पण कॉकपिटमध्ये लेन्स घालायची तर तिचे फंडे वेगळे असतात. आणि दिवसभर एसीत बसून मॉनिटरशी डोळे भिडवणाऱ्या तुमच्या-आमच्याही ते तितकेच कामाचे आहेत.

बारामती म्हटलं की डोळ्यांसमोर काय येतं? ऊस, द्राक्षं, एमआयडीसी आणि अर्थातच राजकारण! पण कधी तिकडे गेलात तर एमआयडीसीच्या बाजूला गाडी थांबवून नुसतं वर बघा. एक चिमुकलं विमान घरघरत वर चढतं, वळतं, गोल फेरी मारून पुन्हा धावपट्टीकडे येतं. चाकं टेकतात न टेकतात तोच पुन्हा उडतं. पायलट मंडळी याला ‘टच अँड गो’ म्हणतात. एकच धडा पुन:पुन्हा गिरवायचा, अगदी पाटीवर ‘ग म भ न’ गिरवावं तसा.

पुण्याहून शंभरेक किलोमीटरवर असलेला हा विमानतळ एमआयडीसीने १९९६मध्ये बांधला. इथून गोव्याचं किंवा दिल्लीचं तिकीट मिळत नाही, कारण नियमित प्रवासी विमानसेवा नाही. इथे तयार होतात ते पायलट. कार्व्हर आणि रेडबर्ड या अकादम्यांमुळे बारामतीचं नाव देशभरातल्या पायलट होऊ पाहणाऱ्या पोरापोरींपर्यंत पोहोचलं. आपल्याकडे कमर्शिअल पायलटचं लायसन्स हवं तर किमान २०० तास विमान उडवावं लागतं. त्यातले बरेच तास बारामती आणि शेजारच्या इंदापूर तालुक्याच्या आकाशात जातात. खाली कडबनवाडीचा गवताळ माळ, त्यावर चिंकारा. थोडं पुढे उजनीचं पसरलेलं पाणी आणि भिगवणचे रोहित पक्षी. व्ह्यू एकदम झकास!

फक्त तो दिसायला हवा ना?

ढापण्या ते कॅप्टन

शाळेत चष्मा लागला की पहिलं बक्षीस मिळतं ते ‘ढापण्या’ नाहीतर ‘चष्मिष’ या नावाचं. दुसरं मिळतं घरच्यांकडून. “आता काय पायलट होणार तू? चष्मा लागलाय!” काका म्हणतात, मामा म्हणतात, शेजारचे जोशीकाका तर हमखास म्हणतात. आणि दहावीतला एखादा हुशार मुलगा ते मुकाट्याने खरं मानून दुसरी वाट धरतो.

या समजुतीचं मूळ बहुतेक हवाई दलात असावं. तिथे लढाऊ विमान उडवणाऱ्यांसाठी डोळ्यांचे निकष खूपच कडक असतात. पण प्रवासी विमानाच्या पायलटचा मामला वेगळा. आयकाओ ही नागरी विमान वाहतुकीची आंतरराष्ट्रीय संघटना. तिच्या क्लास वन मेडिकलच्या निकषानुसार प्रत्येक डोळ्याने किमान ६/९ आणि दोन्ही डोळ्यांनी मिळून ६/६ दिसायला हवं. मुद्द्याची गोष्ट अशी, की हे चष्मा किंवा लेन्स लावून दिसलं तरी चालतं! (६/९ म्हणजे निरोगी डोळ्याला जी ओळ नऊ मीटरवरून वाचता येते, ती तुम्हाला सहा मीटरवरून वाचता येते.) आपल्याकडचं विमान वाहतूक महासंचालनालय, म्हणजेच डीजीसीए, याच चौकटीत मेडिकल घेतं. आधी क्लास टू, मग कमर्शिअल लायसन्ससाठी क्लास वन. नंबर आहे म्हणून कुणी दारातून परत पाठवत नाही. हां, रंग ओळखण्याची परीक्षा, डोळ्यांचं आरोग्य, दोन्ही डोळ्यांचा मेळ हे सगळं तपासलं जातंच. चष्मा न लावता फारच कमी दिसत असेल तर डोळ्यांचा सविस्तर रिपोर्टही लागतो.

म्हणून ज्यांच्या घरात असं स्वप्न आहे त्यांच्यासाठी पहिला सल्ला: अकादमीची फी भरायच्या आधी मेडिकल करून घ्या. लाखोंचा खर्च काकांच्या मतावर ठरवू नका आणि काकांच्या मतावर सोडूनही देऊ नका!

तीन अटी, तिन्ही भारी

आता लेन्सकडे वळू. आयकाओचे नियम लेन्सला परवानगी देतात, पण तीन अटींवर.

पहिली अट: लेन्स एकाच पॉवरची आणि बिनरंगी हवी. म्हणजे दूरचं-जवळचं एकात कोंबलेली मल्टिफोकल चालणार नाही आणि पार्टीसाठी घेतलेली निळी-हिरवी तर नाहीच नाही. विमान उतरवताना धावपट्टीच्या बाजूला चार दिव्यांची एक रांग दिसते. दोन पांढरे आणि दोन लाल दिसले तर उतार बरोबर. चारही लाल दिसले तर तुम्ही फार खाली आलात! अशा ठिकाणी डोळ्यावर रंगीत पडदा कोण ओढून घेईल?

दुसरी अट: लेन्स डोळ्याला व्यवस्थित मानवलेली हवी. नुसती दिसायला मदत करते म्हणून भागत नाही. ती त्रास न देता डोळ्यात राहिली पाहिजे.

तिसरी अट: योग्य नंबरचा चष्मा ड्युटीवर कायम हाताशी हवा. हाताशी म्हणजे हात लांबवला की मिळेल असा. वरच्या बॅगेत, कपड्यांखाली, मोज्यात गुंडाळलेला नव्हे.

दुसरी अट पुन्हा वाचा. आपण ‘कम्फर्ट’ म्हणजे लाड समजतो. गादी मऊ हवी, खुर्ची फिरती हवी, तसं. लेन्स खुपत असेल तर “होईल सवय” म्हणून दामटतो. पायलटच्या बाबतीत मात्र आराम हीच कामाची अट आहे. खुपणारी लेन्स घालून उडणं म्हणजे हिरोगिरी नाही, नियमभंग आहे. या लेखातली एकच गोष्ट लक्षात ठेवायची असेल तर ही ठेवा. बाकीचं सगळं याच्याच अवतीभवती आहे.

मग लेन्स हवी कशाला?

चष्मा चालतो तर लेन्सची झंझट का? कारणं आहेत.

चष्म्याला काठ असतात. पायलटला समोरच्या काचेतून, बाजूच्या खिडकीतून, डोक्यावरच्या पॅनेलकडे असं सगळीकडे बघावं लागतं. लेन्स बुबुळाबरोबर फिरते, त्यामुळे कडेचं दिसणं कापलं जात नाही. शिवाय हेडसेट तासन् तास कानावर असतो. त्याच्या गादीखाली चष्म्याची काडी दाबली गेली की दोन तासांत कानशिलं ठणकायला लागतात. पावसाळ्यात थंड गाडीतून दमट हवेत उतरलं की चष्म्यावर वाफ धरते. आणि कॉकपिटमध्ये धूर झाला तर ऑक्सिजन मास्क झटकन चढवावा लागतो. तेव्हा लेन्सवाल्याचं काम सोपं होतं. (तरी आपला चष्मा त्या मास्कमध्ये बसतो का, हे जमिनीवर असतानाच बघून ठेवायचं. पस्तीस हजार फुटांवर नव्हे!)

मोठा नंबर असणाऱ्यांना तर लेन्सचा आणखी फायदा. जाड काचेतून कडेचं वेडंवाकडं, लहान-मोठं दिसतं. लेन्समध्ये हा प्रकार बराच कमी होतो.

वाळवंट वर, धूळ खाली

आता गंमत बघा. बारामतीत शिकणाऱ्या पायलटचे डोळे कोरडे पडतात आणि पुढे एअरलाइनमध्ये गेल्यावरही पडतात. पण दोन्हीकडची कारणं वेगळी.

बारामती-इंदापूर हा पर्जन्यछायेचा पट्टा. सह्याद्रीवर धो धो पाऊस पडून गेल्यावर ढगांकडे उरलंसुरलं जे असतं ते इथे येतं. उन्हाळ्यात पारा चाळिशीला टेकतो. ट्रेनिंगचं छोटं विमान म्हणजे काही एसी कॅब नाही. सेस्ना १५२मध्ये दोन माणसं खांद्याला खांदा लावून बसतात आणि हवा येते ती झडपेतून, थेट तोंडावर. सोबत जमिनीवर असताना माळावरची धूळ. धुळीचा एक कण लेन्सखाली गेला की डोळ्यातून घळाघळा पाणी!

आणि सोलो म्हणजे सोलो. शेजारी इन्स्ट्रक्टर नाही. डोळ्यात काही गेलं तर “धर रे जरा, डोळा चोळतो” म्हणायला कुणी नसतं. २५ जुलै २०२२ रोजी इंदापूर तालुक्यातल्या कडबनवाडीत एका शेतात कार्व्हरचं सेस्ना १५२ कोसळलं. शिकाऊ पायलट एकटीच विमान उडवत होती. सुदैवाने किरकोळ दुखापतीवर निभावलं. या अपघाताचा लेन्सशी संबंध जोडायचा नाहीये. मुद्दा इतकाच, की एकट्याने उडताना एखादी छोटी अडचणही वाटून घ्यायला दुसरं कुणी नसतं. म्हणून जी टाळता येते ती जमिनीवरच टाळायची.

पुढे हाच पोरगा एअरबसच्या कॉकपिटमध्ये बसला की धूळ संपते आणि वाळवंट सुरू होतं. पस्तीस हजार फुटांवर बाहेरचं तापमान उणे पन्नासच्याही खाली असतं आणि त्या हवेत पाण्याचा अंश जवळजवळ नसतो. तीच हवा दाबून, हव्या त्या तापमानाला आणून आत सोडली जाते. लांबच्या उड्डाणात केबिनमधली आर्द्रता १० ते २० टक्क्यांपर्यंत उतरते. आपल्याला बरं वाटतं ते ४० ते ६० टक्क्यांत. त्यातही प्रवाशांकडे निदान दीडशे-दोनशे माणसांच्या श्वासातला ओलावा तरी असतो. कॉकपिटमध्ये दोघंच! त्यामुळे तिथे हवा आणखी कोरडी.

दुसरी गोष्ट ऑक्सिजनची. बुबुळासमोरचा काचेसारखा पारदर्शक पडदा म्हणजे कॉर्निया. त्यात रक्तवाहिन्या नसतात. तो ऑक्सिजन मुख्यतः हवेतून, अश्रूंच्या पातळ थरातून घेतो. विमानातला हवेचा दाब समुद्रसपाटीइतका नसतो. सहा ते आठ हजार फुटांच्या डोंगरावर असावा तितका असतो. म्हणजे ऑक्सिजन मुळातच कमी आणि त्यावर लेन्सचं झाकण! भर म्हणून पायलट स्क्रीनकडे टक लावून बसतो आणि पापणी मिटायची विसरतो. माणूस एरवी मिनिटाला पंधराएक वेळा डोळे मिचकावतो. स्क्रीनसमोर हा आकडा चांगलाच घसरतो. लेन्स सुकते, आक्रसते, डोळ्याला चिकटते आणि मग सुरू होते ती चुरचुर.

थोडा फ्लॅशबॅक

यावर उपाय काय? तो समजून घ्यायला जरा मागे जाऊ. मऊ लेन्सचं श्रेय जातं ऑटो विख्टरले या चेक केमिस्टला. १९६१च्या नाताळात त्याने घरच्या टेबलावर, मुलांच्या मेकॅनोसारख्या खेळण्याचे भाग जोडून लेन्स बनवायचं यंत्र तयार केलं! त्याआधीच्या लेन्स कडक असायच्या. अमेरिकेत मऊ लेन्स विकायला परवानगी मिळाली १९७१मध्ये. पण त्या मऊ लेन्समधून ऑक्सिजन आत जायचा तो पाण्यामार्फत. लेन्स सुकली की खेळ खल्लास.

१९९९च्या सुमारास सिलिकॉन हायड्रोजेलच्या लेन्स बाजारात आल्या. सिलिकॉन स्वतःच ऑक्सिजन आरपार जाऊ देतं, त्यामुळे कॉर्नियाचा श्वास मोकळा झाला. लेन्स घेताना “जास्त पाणी असलेली द्या” असं म्हणणारे बरेच असतात. पण कोरड्या हवेत जास्त पाण्याची लेन्स तितकंच पाणी गमावूही शकते. म्हणून डॉक्टरांना विचारायचा प्रश्न असा: “हिच्यातून ऑक्सिजन किती जातो आणि कोरड्या हवेत ती टिकते का?”

रोज नवी घालून रात्री फेकायची, अशी डेली डिस्पोजेबल लेन्स उडणाऱ्यांना सोयीची. सोल्युशनची बाटली नको, डबी नको, हॉटेलच्या बेसिनपाशी कसरत नको. महाग पडते हे खरं. पण बिघडलेल्या डोळ्यामुळे बुडलेल्या उड्डाणांचा हिशोब केला तर स्वस्तच म्हणायची.

न्यूयॉर्कचा धडा

लेन्स चुकीची असेल तर काय होतं, याचं एक गाजलेलं उदाहरण आहे. त्यासाठी आधी उजनी डोळ्यांसमोर आणा. वारा पडलेला, ढगाळ हवा, पाणी आरशासारखं सपाट. त्यावरून उडताना खाली ना झाड, ना रस्ता, ना घर. आपण किती उंचीवर आहोत हे डोळ्याला उमगायला काही खूणच उरत नाही. पाण्यावरून धावपट्टीकडे येणं म्हणूनच फसवं.

१९ ऑक्टोबर १९९६. अटलांटाहून निघालेलं डेल्टा एअरलाइन्सचं फ्लाइट ५५४ न्यूयॉर्कच्या लाग्वार्डिया विमानतळावर उतरत होतं. एमडी-८८ जातीचं विमान, आत ६३ माणसं. पाऊस, धुकं, कमी उजेड आणि धावपट्टीआधी पाणीच पाणी. विमान गरजेपेक्षा खाली आलं, धावपट्टीआधीच्या दिव्यांच्या सांगाड्याला आणि धावपट्टीच्या कडेला धडकलं आणि पुढे घसरत गेलं. नशीब बलवत्तर म्हणून कुणी दगावलं नाही. तीन प्रवाशांना किरकोळ दुखापत झाली.

चौकशीत काय निघालं? कॅप्टनने ‘मोनोव्हिजन’ लेन्स घातल्या होत्या. म्हणजे एका डोळ्यात दूरच्या नंबरची, दुसऱ्यात जवळच्या नंबरची. चाळिशीनंतर वाचायचा चष्मा टाळायचा हा एक मार्ग. पेपर वाचायला, मॉलमध्ये फिरायला ठीक. पण खोली आणि अंतर नीट कळायला दोन्ही डोळ्यांना सारखं स्पष्ट दिसावं लागतं. पाणी, पाऊस आणि धावपट्टीच्या दिव्यांमधली असमान अंतरं यांनी मिळून भ्रम निर्माण केला आणि मोनोव्हिजन लेन्समुळे कॅप्टनला त्या भ्रमावर मात करता आली नाही, असा निष्कर्ष अमेरिकेच्या राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळाने काढला. अशा लेन्सला पायलटसाठी मान्यता नव्हतीच.

अहवालातली आणखी एक गोष्ट जास्त विचार करायला लावते. डोळे तपासणाऱ्यांना, मेडिकल घेणाऱ्या डॉक्टरांना आणि खुद्द पायलटांना याबद्दल मिळालेलं मार्गदर्शन अपुरं होतं, असं मंडळाने म्हटलं. थोडक्यात, सगळे आपापल्या जागी बसून होते आणि मधली माहिती गळून गेली.

आपल्याकडेही असंच होतं ना? दुकानात जायचं, नंबर सांगायचा, लेन्सचा डबा घ्यायचा, निघायचं. आपण काय काम करतो, कुठल्या हवेत करतो, किती तास करतो हे कुणी विचारत नाही आणि आपण सांगत नाही. पायलट असाल, शिकाऊ असाल, तर पहिलं वाक्य हेच हवं: “डॉक्टर, मी विमान उडवतो.” कॉल सेंटरमध्ये नाइट शिफ्ट करत असाल तर तेही सांगा. लेन्सचा प्रकार त्यावरून ठरतो.

चाळिशी गाठलेल्या कॅप्टन मंडळींसाठी सुरक्षित वाट साधी आहे. डोळ्यात दूरच्या नंबरची लेन्स आणि नकाशा किंवा चेकलिस्ट वाचायला नाकावर छोटा वाचनाचा चष्मा. वरून समोर बघायचं, खालून वाचायचं. दिसायला थोडे आजोबा दिसाल, पण विमान बरोबर जागी उतरेल!

उडण्याआधीचा रियाज

नवीन लेन्स घेतली आणि दुसऱ्याच दिवशी ती घालून उड्डाणाला गेलं, असं चालत नाही. आधी जमिनीवर सवय करायची. पहिल्या दिवशी थोडे तास, मग हळूहळू वाढवत न्यायचं. ड्युटी जितक्या तासांची, त्याहून जास्त वेळ लेन्स आरामात राहते का ते सुट्टीच्या दिवशी बघायचं. सिलिंड्रिकल नंबर असेल तर जरा जास्तच चाचणी घ्यायची. अशी लेन्स डोळ्यात फिरली की दिसणं पुसट होतं. डोकं वर करून, मागे वळून, झटकन खाली बघून ती जागेवर राहते का ते तपासायचं.

कॉकपिटमध्ये हवेची झडप चेहऱ्याकडून वळवायची. अधूनमधून मुद्दाम पूर्ण डोळे मिटायचे. अर्धवट मिचकावणं नाही, पापणीला पापणी टेकली पाहिजे. लेन्सवर चालणारे, प्रिझर्व्हेटिव्ह नसलेले ओलाव्याचे ड्रॉप्स डॉक्टरांना विचारून जवळ ठेवायचे. ‘लाली घालवणारे’ ड्रॉप्स मात्र लेन्सवर नकोत. ते लाली झाकतात, तिचं कारण तसंच राहतं.

गॉगलबद्दलही एक टीप. पोलराइज्ड गॉगल रस्त्यावर मस्त, पण कॉकपिटमधल्या काही स्क्रीन त्यातून काळ्या दिसतात आणि काचेवर भलत्याच रंगांचे पट्टे उमटतात. उन्हात आपोआप काळा होणारा चष्माही आत फारसा काळा होत नाही, कारण ज्या अतिनील किरणांवर तो काळा होतो ते बरेचसे विमानाची काचच अडवते. तेव्हा साधा, पोलराइज्ड नसलेला गॉगल बरा.

आणि झोप! लेओव्हरला हॉटेलवर पोहोचलं की आडवं व्हावंसं वाटतं. लेन्ससकट झोपलं तर डोळ्याच्या इन्फेक्शनचा धोका सहा ते आठ पटींनी वाढतो, असं अमेरिकेची रोगनियंत्रण संस्था सीडीसी सांगते. आधी लेन्स बाहेर, मग पाठ गादीवर.

पाण्याचंही तसंच. बारामतीतला हॉस्टेलचा बोअर असो की फाइव्ह स्टार हॉटेलचा नळ, लेन्सला पाणी लागता कामा नये. साध्या पाण्यात अकांथअमीबा नावाचा एक सूक्ष्म जीव असू शकतो. तो लेन्सच्या आडून कॉर्नियात शिरला तर महिनोन् महिने उपचार चालतात आणि नजर जाऊही शकते. पायलटसाठी नजर जाणं म्हणजे करिअर जाणं.

क्युबिकलही कॉकपिटच!

आता तुम्ही म्हणाल, आम्ही कुठे विमान उडवतो? बरोबर. पण जरा आपला दिवस बघा. सकाळी स्कार्फ नाहीतर हेल्मेट घालून टू-व्हीलरवरून धूळ खात ऑफिस. मग नऊ-दहा तास एसी, डोक्यावर नेमका तो व्हेंट, समोर दोन मॉनिटर. क्लायंट अमेरिकेतला, म्हणून कॉल रात्री. घरी येताना कॅबमध्ये लेन्ससकट डुलकी. हवा कोरडी, पापणी न मिटणारी, वेळ लांबलेली. फरक इतकाच, की तुम्हाला दरवर्षी मेडिकल द्यावं लागत नाही. त्यामुळे डोळ्याची तक्रार ऐकणारं कुणी नाही.

पायलटकडून उचलायची गोष्ट ही. त्याच्या बॅगेत चष्मा असतोच आणि लेन्स त्रास देऊ लागली की ती काढून चष्मा लावण्यात त्याला कमीपणा वाटत नाही. आपल्याला मात्र वाटतो! प्रेझेंटेशन आहे, लग्न आहे, फोटो आहेत, म्हणून लाल डोळ्यांनी दिवस रेटतो. ज्याच्या हातात दीडशे माणसांचा जीव असतो तो चष्मा लावून बसतो आणि आपण पॉवरपॉइंटसाठी डोळे जाळतो. काय राव!

पायलटचे पाच फंडे, तुमच्यासाठी

१. लेन्स खुपली की निघाली. सवय होण्याची वाट बघायची नाही. लाली, दुखणं, प्रकाश सहन न होणं किंवा अंधूक दिसणं यातलं काहीही असेल तर लेन्स काढा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञांना गाठा. पायलट असाल तर त्या दिवशी उड्डाण बंद.

२. चालू नंबरचा चष्मा कायम जवळ. चार वर्षांपूर्वीचा, एक काडी तुटलेला चष्मा मोजायचा नाही.

३. हात धुवा, कोरडे करा, मगच लेन्सला हात लावा. पाणी, थुंकी, कालचं उरलेलं सोल्युशन, सगळं बाद. डबी दर तीन महिन्यांनी बदला.

४. झोपताना, पोहताना, शॉवर घेताना लेन्स नको.

५. डॉक्टरांना आपलं काम सांगा. खुर्ची, एसी, शिफ्ट, धूळ, सगळं.

आणि त्या दहावीतल्या पोराचं काय?

इंदापूर किंवा बारामतीत आज एखादा चष्मिष गच्चीवर उभा राहून डोक्यावरून जाणारं ते चिमुकलं विमान बघत असेल. त्याला काका सांगत असतील, “तुझं काम नाही ते.” त्याला एवढंच सांगायला हवं: नंबर अडवत नाही, निष्काळजीपणा अडवतो. मेडिकल दे, नीट डोळे तपासून घे, लेन्स मानवली तर घाल, नाही मानवली तर चष्मा लाव. विमानाला त्याने काही फरक पडत नाही.

त्याला फक्त एवढंच हवं असतं, की उडवणाऱ्याला समोरची धावपट्टी स्वच्छ दिसावी!